रेंज नसलेल्या शाळेतून: मोफत शैक्षणिक साधनांचे परीक्षण

पाटण तालुक्याच्या डोंगराळ भागातील आमच्या शाळेत पहिली ते सातवीचे वर्ग आहेत, शिक्षक चार आहेत आणि मोबाइलची रेंज मात्र शाळेत कुठेच नाही. ती मिळते ती खाली मारुतीच्या देवळासमोरच्या पारावर, तीही वारा-पाऊस नसेल तेव्हा. नवी मुंबईच्या बाजारात माथाडी म्हणून काम करणाऱ्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून शाळेला ४२ इंची टीव्ही घेऊन दिला, त्याला पेनड्राइव्ह लावता येतो, आणि एका जुन्या लॅपटॉपची जोड मिळाल्यामुळे आमची शाळा कागदोपत्री 'डिजिटल' झाली. त्या टीव्हीवर दाखवायचे काय, हा प्रश्न मात्र वर्गणीने सुटणारा नव्हता.

गेल्या पाच-सहा वर्षांत मी इंटरनेटवरची मोफत शैक्षणिक साधने घरी, म्हणजे पाटणला, उतरवून घेत गेले, वर्गात वापरून पाहिली, काही ठेवली आणि बरीच पुसून टाकली. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले असल्यामुळे एका शाळेपुरते आहे, हे आधीच सांगितलेले बरे. ज्या शाळेत वाय-फाय आहे आणि मुलांच्या हाती टॅब आहेत, तिथल्या शिक्षकाला माझा क्रम कदाचित उलटा वाटेल.

सुरुवातीला 'मोफत' या शब्दानेच मला फसवले. एका खासगी कंपनीचा प्रतिनिधी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत येऊन गेला. अ‍ॅप वर्षभर मोफत, फक्त पालकांचे मोबाइल नंबर भरायचे, असे त्याने सांगितले आणि आम्ही ते उत्साहाने भरून दिले. तीन महिन्यांनी पालकांना फोन सुरू झाले की तुमचा मुलगा गणितात मागे पडला आहे, अमुक हजारांचे पॅकेज घ्या. दुधाचा टेम्पो चालवणारे एक पालक शाळेत येऊन मला एवढेच म्हणाले, "बाई, तुम्ही नंबर दिलाता म्हणून मी फोन उचलला." त्या दिवसापासून कोणतेही साधन पाहताना ते माझ्याकडे, आणि विशेषतः माझ्या मुलांकडे, काय मागते हे मी आधी पाहते. पैसे हा त्या मागणीचा एकच प्रकार आहे. फोन नंबर, रोजचा डेटा आणि परकी भाषा हे इतर प्रकार आहेत.

'मोफत' आणि 'मुक्त' यांत जो फरक आहे तो मला नंतर कळला. 'मुक्त शैक्षणिक साधने' ही संज्ञा युनेस्कोच्या २००२ सालच्या एका बैठकीतून रूढ झाली आणि क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे परवानेही त्याच वर्षी आले. मोफत साधन हे शेजारणीने वाचायला दिलेल्या पुस्तकासारखे असते: वाचावे, जपावे आणि परत करावे. मुक्त साधन हे तिने दिलेल्या विरजणासारखे असते. त्यातून आपण आपल्या घरचे दही लावतो, आपल्या चवीचे करतो आणि पुन्हा कोणाला तरी वाटीभर देतो, त्यासाठी तिला विचारावे लागत नाही. खेड्यातल्या शिक्षकाला विरजणाची गरज अधिक असते, कारण बाहेरून आलेली कोणतीही गोष्ट आमच्या वर्गात जशीच्या तशी चालत नाही.

या कसोटीवर मी सर्वांत वरचा क्रमांक फेट या प्रकल्पाला देते. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील शाखेत कार्ल वीमन यांनी तो २००२ साली सुरू केला. आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. विज्ञान आणि गणितातील कल्पना हाताळून पाहता येतील अशी सिम्युलेशने येथे आहेत. त्यांचे मोठे वैशिष्ट्य असे की सिम्युलेशनची फाइल उतरवून घेतली की ती कोणत्याही ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय उघडते, लॉगिन मागत नाही, जाहिरात दाखवत नाही. भाषांतरे स्वयंसेवक करतात आणि त्यांत मराठीही आहे. अर्थात प्रत्येक सिम्युलेशन मराठीत असेलच असे नाही, म्हणून त्या त्या पानावरची भाषांची यादी उघडून पाहावी आणि मराठी दिसल्यास तीच फाइल घ्यावी.

विद्युत मंडल जोडण्याचे सिम्युलेशन मी सातवीच्या मुलांना दाखवले, कारण आठवीत त्यांना धाराविद्युत शिकायची असते आणि तेव्हा ती खालच्या गावातील हायस्कुलात गेलेली असतात. विजेरी, तारा, बल्ब आणि कळ पडद्यावर ओढून जोडायची एवढेच काम होते. तारेतून निळे ठिपके सरकताना दिसतात, ते इलेक्ट्रॉन. बल्ब वीज 'खातो', म्हणजे बल्बच्या पलीकडच्या तारेत ती कमी उरते, ही समजूत माझ्या वर्गात जवळजवळ प्रत्येकाची होती, आणि खरे सांगायचे तर मीही डी.एड. होईपर्यंत काहीसे असेच समजत होते. ठिपके बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच वेगाने सरकत आहेत हे दिसल्यावर वर्गात जी शांतता पसरली ती मी फळ्यावर कितीही आकृत्या काढल्या असत्या तरी पसरली नसती. मग एका मुलाने विजेरीची दोन टोके नुसत्या तारेने जोडली आणि पडद्यावर ज्वाळा उठल्या. "बाई, बॅटरीनं पेट घेतला!" असे ओरडून अर्धा वर्ग उभा राहिला. दुसऱ्या दिवशी टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल आणि बारीक तार घेऊन तार कशी तापते ते आम्ही क्षणभर बोट लावून पाहिले. घरच्या बोर्डाच्या जवळपास कोणी फिरकायचे नाही, ही ताकीद त्याआधी तीनदा देऊन झाली होती.

यात एक धोका आहे. पडद्यावरचा प्रयोग नेहमी यशस्वी होतो. तिथे सेल उतरलेला नसतो, तार आतून तुटलेली नसते, बल्बचा होल्डर सैल नसतो. ज्या मुलाने आधी पडद्यावर मंडल जोडले त्याला खऱ्या सेलशी झटताना पटकन कंटाळा येतो, असे मी पाहिले आहे. म्हणून तरफेच्या पाठाला मी क्रम बदलला. आधी अंगणात फळी आणि दगड घेऊन सीसॉ केला, जड मुलीला मध्याजवळ आणि हलक्या मुलाला टोकाला बसवले, आणि मग तोल साधण्याचे सिम्युलेशन लावले. त्यात वजन आणि अंतर यांचा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा हवा हे मुलांनीच शोधले, कारण अंदाज त्यांच्या अंगात आधीच आलेला होता. माझ्या मते या साधनाचा योग्य उपयोग असा, अनुभवानंतरचा आहे.

भाषेचा प्रश्न येथे थोडा सविस्तर मांडावा लागेल. मराठीत साहित्य कमी पडले की आम्ही शिक्षक सहज हिंदी चित्रफितींकडे वळतो, कारण मुलांना हिंदी 'समजते' असा आमचा समज असतो. दूरचित्रवाणीवरची हिंदी त्यांना समजतेही; गणिताची हिंदी समजत नाही. आपण ज्याला अपूर्णांक म्हणतो त्याला हिंदीत 'भिन्न' म्हणतात, छेदाला 'हर', दशांशाला 'दशमलव', काटकोनाला 'समकोण' आणि परिमितीला 'परिमाप'. पाचवीतल्या मुलीने 'हर समान करो' हे ऐकून 'हर' म्हणजे प्रत्येक असा अर्थ लावला आणि अंश व छेद दोन्ही सारखे करून मोकळी झाली. तिची यात काही चूक नव्हती. चित्रफीत चांगली होती, शिकवणाऱ्याचा आवाज गोड होता आणि धडा मात्र फुकट गेला. मराठी पाठ्यपुस्तकातील परिभाषा न जुळणारे साहित्य कितीही दर्जेदार असले तरी प्राथमिक वर्गासाठी मी आता घेत नाही. फार तर आवाज बंद करून चित्र दाखवते आणि बोलते मी.

प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर हे व्यासपीठ ८ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे जागतिक साक्षरतादिनी, सुरू झाले आणि ते खऱ्या अर्थाने विरजण आहे. त्यावरील गोष्टी अशा परवान्याखाली आहेत की त्या उतरवून घेता येतात, छापता येतात, भाषांतरित करता येतात आणि बदलताही येतात. अट एवढीच की मूळ लेखकाचे, चित्रकाराचे आणि प्रकाशकाचे श्रेय द्यायचे आणि बदल केला असेल तर तसे नमूद करायचे. वाचनपातळीनुसार चार गट आहेत. मराठी गोष्टी विपुल आहेत, परंतु त्यांची प्रत एकसारखी नाही. काहींचे भाषांतर अनुभवी हातांनी झालेले असते, तर काही वाचकांनी हौसेने केलेली असतात, आणि अशा भाषांतरांत मराठी वाक्य कधी कधी इंग्रजी अंगरखा घालून येते. त्यामुळे गोष्ट निवडताना प्रकाशकाचे नाव पाहावे आणि निदान पहिली चार पाने मोठ्याने वाचावीत. जिथे जीभ अडखळते ती गोष्ट पहिलीच्या मुलासमोर ठेवू नये.

बदल करण्याची मुभा मी कशी वापरली ते सांगते. आमच्याकडे पहिलीत येणारे मूल घरी 'आय बाजारला गेलिया' असे बोलते आणि पुस्तकात 'आई बाजाराला गेली आहे' असे वाचते. या दोन वाक्यांमधले अंतर आपल्याला किरकोळ वाटते. सहा वर्षांच्या मुलाला ते नदीच्या पात्राएवढे वाटते. मी पहिल्या पातळीच्या सहा गोष्टी घेतल्या, सातवीच्या मुलींना त्या घरच्या बोलीत सांगायला लावल्या, आणि चित्राखाली बोलीतले वाक्य वर व प्रमाण मराठीतले वाक्य खाली अशी पाने तयार केली. पाटणला झेरॉक्स काढताना रंग गेले, कारण रंगीत प्रतींचा खर्च शाळेच्या अनुदानात बसत नव्हता. मग मुलांनीच चित्रे रंगवली. एका मुलाने हत्ती हिरवा केला आणि त्याचे कारण असे दिले की तो उसातून आला आहे. ही पुस्तके आता मुले शनिवारी घरी नेतात.

अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ पाहताना पहिल्या भेटीत निराशा होण्याची शक्यता आहे, कारण त्याची मांडणी जुन्या सूचनाफलकासारखी आहे. नुसत्या याद्या आणि दुवे. पण लॉगिन नाही, जाहिरात नाही, आणि मंद इंटरनेटवरही पान उघडते. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेल्या आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील विज्ञानकेंद्रात अनेक वर्षे मुलांबरोबर काम केलेल्या या माणसाला २०१८ साली पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या कृती तेथे छायाचित्रांसह आहेत, छोट्या चित्रफिती आहेत, आणि मराठी, हिंदी व इंग्रजी पुस्तकांचा मोठा साठा आहे.

त्यातील काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब वापरून भौमितिक आकार करण्याची कृती मी चौथीला घेतली. अडचण अशी आली की व्हॉल्व्ह ट्यूबच मिळेना. पाटणच्या सायकल दुकानदाराने खण उपसून शेवटी एक वेटोळे काढले आणि "हे आता कुणी मागत नाही, बाई" असे म्हणून ते मला तसेच देऊन टाकले. काड्यांचा त्रिकोण दाबला तरी मोडत नाही, चौकोन मात्र लगेच तिरका होतो, आणि चौकोनात एक कर्ण घातला की तो पुन्हा ताठ उभा राहतो. हे करून झाल्यावर एक मुलगा वर बघू लागला आणि म्हणाला की आपल्या पत्र्याखालच्या कैचीतही त्रिकोणच आहेत. त्या कैचीखाली मी नऊ वर्षे शिकवत आहे. शाळेच्या इमारतीकडे साहित्य म्हणून पाहण्याची दृष्टी मला या संकेतस्थळाने दिली आणि त्यासाठी टीव्ही लावावाही लागला नाही. वेटोळे संपल्यावर आम्ही शीतपेयाच्या नळ्या वापरू लागलो. त्या सैल बसतात, पण चालतात.

पाठ्यपुस्तक मंडळाच्या ई-बालभारतीवर सर्व इयत्तांची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे मोल आपण विसरलो आहोत. जूनमध्ये एखादे मूल ऊसतोडीच्या गावाहून उशिरा परत आले, किंवा पुस्तक पावसात भिजले, तर पान छापून देता येते. सांगलीच्या जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळेत असलेल्या माझ्या मैत्रिणीलाही तीच सोय तिच्या भाषेत मिळते. मात्र हे पुस्तक शेजारणीचे आहे. सर्व हक्क मंडळाकडे राखून ठेवलेले असतात, त्यामुळे ते वाचता येते, वापरता येते, पण त्यात फेरफार करून वाटता येत नाही. याच मंडळाच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही वाचायला खुले आहेत. १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचे अंक मी पाचवी-सहावीच्या अवांतर वाचनासाठी वापरते आणि मुलांसाठी सकस मराठी गद्य शोधणाऱ्या कोणालाही ते निःशंकपणे सुचवीन. सत्तरच्या दशकातल्या अंकांतली चित्रे आजच्या चकचकीत चित्रांपेक्षा मुलांना अधिक वेळ खिळवून ठेवतात, हे मला अपेक्षित नव्हते.

५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या दीक्षा या राष्ट्रीय व्यासपीठाबद्दल शिक्षकांना नव्याने सांगावे असे फारसे नाही. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन केला की त्या पाठाशी जोडलेले साहित्य उघडते, आणि अ‍ॅपमध्ये ते उतरवून ठेवले की नंतर इंटरनेटशिवायही पाहता येते. ही दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहिली. कोडची कल्पना वर्गाच्या दृष्टीने उत्तम आहे, कारण शोधण्याचे श्रम वाचतात; तिची मर्यादा अशी की पुस्तक बदलले की कोडमागचे साहित्यही त्याबरोबर बदलावे लागते. २०२० मध्ये शाळा बंद असताना राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या उपक्रमात दररोज मोबाइलवर जे दुवे पाठवले, त्यांनी आमच्यासारख्या अनेकांना या सर्व जगाची पहिली ओळख करून दिली. शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाविषयी मात्र आम्ही शिक्षकांनीच थोडे लाजावे. चित्रफीत चालू करून स्वयंपाकघरात भाजी चिरण्याचे आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवण्याचे कसब आमच्या व्यवसायात बरेच पसरले आहे, आणि त्यात मी अपवाद नाही.

आता घरच्या साधनाकडे येते. मराठी विश्वकोशाचे कार्यालय आमच्याच जिल्ह्यात, वाईला आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, पुढे मे. पुं. रेगे यांनी ती धुरा सांभाळली, आणि २० खंडांचा हा ग्रंथ आज संगणकावर व मोबाइलवर विनामूल्य वाचता येतो. कृष्णेच्या घाटावरील एका गावात बसून साऱ्या विद्याशाखा मराठीत आणण्याचा संकल्प कोणी करावा आणि तो तडीस जावा, याचे सातारकर म्हणून मला अप्रूप आहे. तरीही परीक्षण म्हणून लिहिताना अप्रूप बाजूला ठेवावे लागेल.

नोंदी जाणकारांनी लिहिलेल्या आहेत आणि त्यांखाली लेखकाचे नाव असते. इंटरनेटवरच्या बहुतेक मजकुराबद्दल असे म्हणता येत नाही. परिभाषा काटेकोर आहे. पण ती भाषा पाचवीच्या मुलाची नाही, बहुधा दहावीच्याही नाही; एकेका वाक्यात तीन-तीन जोडशब्द येतात आणि ते उलगडून सांगणारा माणूस शेजारी लागतो. शिवाय सुरुवातीचे खंड जुने असल्यामुळे लोकसंख्या, उत्पादन, देशांच्या सीमा असे बदलणारे तपशील तारीख पाहूनच घ्यावेत. म्हणून विश्वकोश हे मुलांचे साधन नसून शिक्षकाच्या तयारीचे साधन आहे, असे माझे मत बनले आहे, आणि त्या कामासाठी मराठीत त्याच्या तोडीचे दुसरे काही मला आढळलेले नाही.

त्याचा सर्वांत चांगला उपयोग मला भूकंपाच्या पाठात झाला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या वाडीतील बहुतेक घरे पडली होती, आणि आज सत्तरीत असलेल्या प्रत्येकाजवळ त्या पहाटेची आठवण आहे. मुले मात्र भूकंप जपानमध्ये होतात असे समजत होती. मी विश्वकोशातील 'भूकंप' ही नोंद दोनदा वाचली, मुलांना झेपेल असे दोन पानांचे टिपण केले, आणि धरणाच्या जलाशयाचा भूकंपाशी संबंध असू शकतो या मुद्द्यावर जगभरातील अभ्यासक कोयनेचे उदाहरण देतात, हेही त्यात घातले. मग मुलांनी फोनवर आपापल्या आजी-आजोबांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून आणल्या. एका आजीने सांगितले की आधी म्हशी दावे तोडू लागल्या आणि मग जमिनीतून ट्रक गेल्यासारखा आवाज आला. दुसऱ्या आजोबांनी सांगितले की पुढे कित्येक महिने सगळी वाडी खळ्यात झोपत होती. अकरा ध्वनिफिती जमल्या. त्या पेनड्राइव्हवर आहेत, आणि त्यांच्याबरोबर ठेवलेल्या कागदावर मी असे लिहिले आहे की कोणत्याही शाळेने त्या वापराव्यात, हवे तर कापून-जोडून घ्याव्यात, फक्त सांगणाऱ्यांच्या गावाचा उल्लेख ठेवावा.

उरलेल्या साधनांचा उल्लेख थोडक्यात करते. जिओजेब्रा हे मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केलेले गणिताचे सॉफ्टवेअर आहे. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढत राहिले तरी तीन कोनांची बेरीज १८० अंशच राहते हे दाखवायला ते अद्वितीय आहे, पण शिक्षकाने आधी स्वतः आठवडाभर हात बसवायला हवा. तो हात बसवण्यासाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल वापरावे. अर्ध्या पडद्यावर चित्रफीत आणि अर्ध्या पडद्यावर सॉफ्टवेअर ठेवून थोडे पाहायचे, थांबवायचे आणि तेच करायचे, ही त्याची पद्धत स्वतः शिकणाऱ्यासाठी आखलेली आहे आणि अनेक विषयांत मराठी आवाज उपलब्ध आहे. मी हिशेबाचे तक्ते त्यावरच शिकले. स्वयम् या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरील अभ्यासक्रम मोफत पाहता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते. ते महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या कामाचे आहे. आयआयटी खरगपूरचे राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय मोठे आहे, पण शोधणाऱ्याला आपल्याला काय हवे ते नेमके ठाऊक असावे लागते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया माहितीपेक्षा लेखनाच्या सरावासाठी मला अधिक मोलाचा वाटतो. सातवीच्या मुलांनी आपल्या गावाविषयी चार वाक्ये संदर्भासह लिहून पाहावीत. स्टेलॅरियम हे आकाशदर्शनाचे सॉफ्टवेअर सुंदर आहे, आमचा लॅपटॉप त्याला पुरा पडत नाही. शिवाय आमच्या वाडीला आकाश दिसते, त्यामुळे तक्रार नाही.

उणीव कशाची आहे, तर पहिली-दुसरीसाठी मराठीतील चांगल्या ध्वनिसाहित्याची आणि इतिहास-भूगोलातील स्थानिक साहित्याची. विज्ञान जगभर सारखे असल्यामुळे कोलोराडोत तयार झालेले मंडल पाटणला चालते. कोयनेच्या खोऱ्याचा भूगोल तिथे कोणी तयार करणार नाही. सध्या ३२ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर मी सतरा सिम्युलेशने, चाळीसेक गोष्टी, 'किशोर'चे निवडक अंक, खेळण्यांच्या चित्रफिती आणि त्या अकरा आठवणी ठेवल्या आहेत. तो केंद्रातील शाळांमधून फिरतो. मध्यंतरी तो व्हायरस घेऊन परतला आणि सगळ्या फाइलींचे शॉर्टकट झाले, तेव्हापासून मूळ प्रत घरच्या कपाटात असते आणि फिरते ती दुसरी. ज्यांना हवी असेल त्यांनी शिक्षण परिषदेच्या दिवशी रिकामा पेनड्राइव्ह घेऊन यावे; उतरवायला वीस मिनिटे लागतात, तेवढ्यात चहा होतो.